कोरडं वजन

काटेवाल्यांनी मॅरेथॉन धावणार असल्याचं घरात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "कुणापासून?"

प्रश्न रास्त होता. माणूस बावन्न वर्षांचा, कमरेचा पट्टा दोनदा चांभाराकडून वाढवून आणलेला आणि काम बैठं. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागून त्यांचा वजनकाटा होता. मालट्रक यायचा, जमिनीत बसवलेल्या लोखंडी फलाटावर उभा राहायचा, काटेवाले खोलीच्या खिडकीतून आकडा बघायचे, पावती फाडायचे आणि हाताने पुढच्याला बोलवायचे. खुर्चीतून उठायची वेळ यायची ती एकाच कारणाने. वाळूचा ट्रक आला की ते उठून बाहेर जात आणि ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून वाळू ओली आहे का ते बघत. वाळूवाले वाटेत कुठेतरी थांबून पाईप मारून येत. पाण्याने वजन वाढतं आणि पाणी फुकट मिळतं. काटेवाल्यांच्या अनुभवाला जगातली निम्मी लबाडी पाण्याची होती.

मॅरेथॉन ठेवली होती ती शहरातलं डायलिसिस केंद्र चालवणाऱ्या संस्थेने. धावणाऱ्याने ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणगीचा शब्द घ्यायचा, शर्यत पुरी केली की देणगी संस्थेला मिळणार आणि त्यातून नवी यंत्रं येणार. काटेवाल्यांची धाकटी बहीण त्याच केंद्रात आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेऊन बसायची. तेव्हा भाऊ धावतोय तो बहिणीसारख्या पेशंटांसाठी, हे कारण चारचौघांत सांगायला उत्तम होतं. खोटंही नव्हतं. फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं असं, की काटेवाल्यांची किडनी बहिणीला जुळत होती. तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रक्त जुळतंय, बाकी सगळं जुळतंय, पण तुमचं वजन एकशे सहा आहे आणि रक्तदाब त्याहून वाईट आहे. पंच्याऐंशीच्या आत या, मग बोलू. त्याच दिवशी काटेवाले पेढे वाटायला निघाल्याच्या थाटात बहिणीकडे गेले आणि तिला ही आनंदाची बातमी दिली.

बहिणीला सगळे बेबी म्हणत. सत्तेचाळीस वर्षांची बाई, स्वतःची मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी, शहरातल्या निम्म्या बायकांना गिअर टाकायला शिकवलेली. पण नाव पडलं ते पडलं. तिने बातमी ऐकून घेतली आणि नको म्हणाली.

"का नको?"

"दादा, मी आठवीत असताना तू मला तुझी सायकल दिली होतीस. एक वर्षभर. तीस-पस्तीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या गाडीत शिकायला आलेल्या बाईला तू ती गोष्ट पुन्हा सांगितलीस."

"मी आपलं सहज म्हणालो."

"सायकलीचं तू इतकं ऐकवलंस. किडनी घेतली तर मला या जन्मी घास गिळता येणार नाही. रांगेत नाव आहे माझं, मिळेल कुणाची तरी. तुझी नको."

ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं. ते कंजूष मुळीच नव्हते. कुणी मागायच्या आत द्यायचे. पण एकदा दिलेली वस्तू त्यांच्या डोक्यातून उतरतच नसे. शेजाऱ्याला दिलेली शिडी, मेव्हण्याला मिळवून दिलेली नोकरी, बायकोच्या मावशीला गाडीत दिलेली खिडकीची जागा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि योग्य वेळी, म्हणजे साधारण कुठल्याही वेळी, ते ते काढत. मनात काही नसायचं. पण ऐकणाऱ्याच्या मनात राहायचं.

तेव्हा त्यांनी बेत केला, कुणाला काही बोलायचं नाही. आधी वजन उतरवायचं, डॉक्टरीणबाईंचा पास झाल्याचा कागद घ्यायचा आणि तो बेबीसमोर ठेवायचा. तयार कागद समोर आल्यावर कोण नाही म्हणेल? बेबी म्हणू शकत होती, पण हा विचार त्यांनी पुढे नेला नाही. बायकोला तेवढं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून तळण बंद केलं.

पहिल्या सकाळी काटेवाले कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत धावले आणि रिक्षाने परत आले. दुसऱ्या सकाळी रिक्षावाला आधीच येऊन थांबला होता. काटेवाल्यांना याचा इतका राग आला, की ते त्याच्या नाकासमोरून चालत घरी आले, आणि तिथून पुढे गाडी रुळावर आली म्हणायला हरकत नाही.

बेबीला मात्र दादा संस्थेसाठी धावतोय याचं फार कौतुक वाटलं. ज्या दिवशी यंत्रावर बसायचं नसे त्या दिवशी ती सकाळी शिकवणीची गाडी घेऊन यायची. शिकाऊ बाई पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवायची, शेजारी बेबी स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसायची आणि पुढे काटेवाले धावायचे. शिकाऊ माणसाचा आणि काटेवाल्यांचा वेग बरोबर सारखा होता. दोघांचाही फायदा झाला. बेबी काच खाली करून दोघांना एकदमच शिकवायची. खांदे सैल सोड, पुढे बघ, पायाकडे बघू नकोस, घाई नाही, मागच्याला हॉर्न वाजवू दे. यातलं कुठलं वाक्य कुणाला आहे ते दोघेही आपापलं समजून घेत. एकदा एक बाई घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबून बसली, तेव्हा काटेवाले त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं धावले.

घोडं अडलं ते वजनाशी. काटेवाले रोज संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला की बूट काढून स्वतः फलाटावर उभे राहत. पण तो काटा पडला मालट्रकचा. त्याला दहा किलोखालचं काही कळत नसे. पहिले कितीतरी दिवस तो एकशे दहाच दाखवत राहिला. काटेवाले उपाशी राहिले, घामाने निथळले, गुडघे धरून जिने उतरले, आणि काटा ढिम्म एकशे दहा. मग एका संध्याकाळी तो एकदम शंभर म्हणाला. काटेवाल्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, की आज माझं दहा किलो वजन उतरलं. तिने विचारलं, दुपारच्या जेवणानंतर का?

तिने सुचवलंही, की औषधाच्या दुकानात माणसांचा काटा आहे, त्यावर उभे राहा. काटेवाल्यांना हे ऐकवलंही नाही. त्या काट्यावर हलक्या पायाने चढलं की दोन किलो कमी भरतात, आणि त्याला सरकारी सील नाही. पंचवीस वर्षं लोकांचा माल तोलणाऱ्या माणसाने असल्या डबड्यावर उभं राहायचं? केंद्रातला काटा सीलबंद होता, तो त्यांनी स्वतः वाकून तपासलेला. पण तिथे गेलं की नर्स बेबीला सांगणार. तेव्हा आपला काटाच बरा.

केंद्रातल्या त्या काट्याबद्दल त्यांना आदर वाटायला आणखी एक कारण होतं. यंत्रावर बसण्याआधी तिथे बेबीचं वजन करत आणि उठल्यावर पुन्हा करत. मधला फरक म्हणजे यंत्राने काढलेलं पाणी. उरतं ते कोरडं वजन, असं नर्स म्हणायची. बेबीच्या शरीराला पाणी बाहेर टाकता येत नसल्यामुळे तिला दिवसाला मोजून चार कप मिळत, त्यातच चहा आला आणि त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. काटेवाल्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना गहिवरून आलं. बेबीसाठी आलं ते निराळं. पण शिवाय असंही वाटलं, की दवाखान्यात शेवटी कुणीतरी अक्कल असलेलं भेटलं. पाणी वेगळं काढायचं, मग आकडा धरायचा. आपण दुसरं काय करत आलो?

ट्रक ड्रायव्हरांनी देणगीचे शब्द सढळ हाताने दिले, कारण काटेवाले शर्यत पुरी करतील असं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. एका वाळूवाल्याने तर, ज्याचा ट्रक काटेवाल्यांनी सतरा वेळा परत पाठवला होता, सगळ्यांपेक्षा मोठा आकडा लिहिला आणि वर म्हणाला, साहेब, पोचलात तर दुप्पट. काटेवाल्यांनी तेही लिहून घेतलं.

शर्यत रविवारी होती. डॉक्टरीणबाईंनी तपासणीला सोमवार सकाळची वेळ दिली होती, आणि काटेवाल्यांनी ती मुद्दाम बदलून घेतली नाही. बेचाळीस किलोमीटर धावल्यानंतर माणूस जितका हलका असेल तितका तो कधीच नसणार, हा त्यांचा हिशेब. फलाटावरचा काटा महिनाभर नव्वदवर अडून बसला होता. नव्वद म्हणजे चौऱ्याण्णव असू शकतं आणि शहाऐंशीही. ऐंशी दिसल्याशिवाय खात्री नाही. एक-दोन किलोने गाडी चुकायची, आणि तेवढ्यासाठी बेबीला आणखी सहा महिने सुया टोचून घ्यायला लावायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. मग शनिवारी रात्री जेवताना त्यांना सुचलं. इतका सोपा उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

रविवारी सकाळी ते निघाले ते वेळेवर आणि शेवटून दुसरे. शेवटचे एक आजोबा होते, ते नंतर पुढे गेले. ऊन चांगलंच होतं. दर थोड्या अंतरावर संस्थेने टेबलं मांडली होती, त्यांवर पाण्याचे कागदी पेले भरून ठेवलेले, आणि मुलं-मुली हात लांब करून पेले पुढे धरत होती. काटेवाले प्रत्येक टेबलावरून मान वळवून गेले. एका मुलीने थोडं अंतर सोबत धावत पेला द्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तिला हाताने बाजूला केलं. ओली वाळू घेऊन आलेल्या ड्रायव्हरला करत, तसं.

अर्ध्या वाटेनंतर त्यांना घाम यायचा थांबला. त्यांना वाटलं, शरीराला सवय झाली. त्यापुढचं त्यांना धड आठवत नाही. एक मोठा पूल आठवतो, आणि त्या पुलाशी आपण बराच वेळ भांडत होतो असं आठवतं. शर्यतीच्या टोकाला माणसं कमान उतरवायला शिडीवर चढली होती. बेबी खाली उभी राहून त्यांना दम देत होती, की माझा भाऊ आल्याशिवाय एक स्क्रू काढलात तर याद राखा. काटेवाले आले. धावत आले म्हणवत नाही, पण पायांवर आले आणि कमानीखालून गेले. वाळूवाला बघायला आला होता, त्याने तोंडात बोट घातलं. काटेवाले बहिणीला काहीतरी सांगायला वळले आणि जागच्या जागी रिकाम्या पोत्यासारखे बसले.

सोमवारी सकाळी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. तेवढं वाचलं. त्याच त्यांच्याकडे आल्या. काटेवाले केंद्राच्या वरच्या मजल्यावर पलंगावर होते, हाताला सलाईन, आणि आदल्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झालेली. खालच्या मजल्यावरचं आपलं यंत्राचं काम उरकून बेबी नुकतीच वर आली होती, कोपराला पट्टी लावलेली, आणि स्टुलावर बसली होती. वहिनीला तिने घरी आंघोळीला पाठवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, काल तुम्हाला आणलं तेव्हा वजन एक्याऐंशी भरलं. सलाईन गेल्यावर चौऱ्याऐंशी. म्हणजे तुम्ही पोटभर पाणी पिऊन आला असतात तरी पास होतात. आता तुमच्या दोन्ही किडन्यांना असा मार बसलाय, की रक्तातल्या घाणीचा आकडा तिपटीने वर गेलाय.

काटेवाल्यांनी डोळ्यांनी खूण करून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईंना खुणा कळत नसत.

"बहिणीला किडनी द्यायची होती ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग ती आधी वाळवून द्यायची असं कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं, की बहुतेक सुधारेल, अशा वेळी बहुतेकांचं सुधारतं. पण पुन्हा तपासल्याशिवाय शब्द देणार नाही. चार महिने किडनी देण्याचं नाव काढायचं नाही. तोवर औषध एकच, पाणी. तासातासाला, भरपूर. नर्सने टेबलावर मोठा जग आणि काचेचा ग्लास आणून ठेवला, आणि दोघी निघून गेल्या.

काटेवाले छताकडे बघत राहिले. आजवर त्यांच्यावर खूप प्रसंग आले होते, पण प्रत्येक प्रसंगात त्यांनी कुणासाठी तरी काहीतरी केलेलं असायचं आणि ते सांगायला उरायचं. आता सांगण्यासारखं काहीच नव्हतं. द्यायला आणलेली वस्तू त्यांनी वाटेतच फोडली होती. त्यांना बेबीकडे बघायची भयंकर लाज वाटत होती.

"वहिनीने मला कधीच सांगितलं होतं," बेबी म्हणाली.

"कधी?"

"तू रिक्षाने घरी आलास त्या दिवशी."

काटेवाल्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "गेली का गं ती किडनी? सुधारेल ना?" आणि त्यांचा आवाज फाटला. बावन्न वर्षांचा माणूस बहिणीसमोर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि एका हाताला सलाईन असल्यामुळे त्याला डोळेही धड पुसता येईनात. बेबीने पदराने पुसले. ती मात्र रडत नव्हती. ती रागावली होती. इतकी, की बोलायला लागल्यावर तिचा आवाज अगदी हळू निघाला.

"मी रोज स्वप्नात पाणी पिते, दादा. नळाला तोंड लावून. उठले की जीभ टाळूला चिकटलेली असते, आणि मी घड्याळात बघते, पुढच्या कपाला किती वेळ आहे. आणि तुला लोक हातात आणून देत होते. मी टोकाला उभी राहून बघत होते, शेवटच्या टेबलावरचं. तू ढकललंस."

ते म्हणाले, "मला वाटलं, कोरडं वजन खरं."

"ते माझं. तुझं नाही."

तिने जग उचलला आणि ग्लास भरला, अगदी काठापर्यंत. एक थेंब सांडू दिला नाही. मग तिने ग्लास त्यांच्यापुढे धरला.

काटेवाल्यांनी तो घेतला नाही. बेबीचं पाणी बंद झाल्यापासून घरातलं कुणीही तिच्यादेखत पाणी पीत नसे. कुणी ठरवलं नव्हतं. ती आली की भाचरंडंसुद्धा आत जाऊन, आवाज न करता पिऊन येत. ते म्हणाले, "तू जरा बाहेर बस. मी पितो."

"इथेच बसणार."

"तुझ्यासमोर नाही पिववत गं मला."

"माझ्यासमोरच प्यायचं," बेबी म्हणाली. "माझी किडनी आहे ती. तिला पाणी मिळतंय की नाही, ते मी बघणार."

काटेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. ती विनोद करत नव्हती. शिकाऊ माणसाला चौकात गाडी पुढे घे म्हणून सांगताना तिचा चेहरा असायचा तसा होता, आणि त्या चेहऱ्यापुढे आजवर कुणाची नाही म्हणायची छाती झाली नव्हती. त्यांनी ग्लास घेतला. पाणी थंड होतं. ते एकेक घोट गिळू लागले, आणि त्यांच्या प्रत्येक घोटाबरोबर समोर बेबीचा गळा हलकेच वरखाली होत होता. तिला ते कळत नव्हतं. त्यांना दिसत होतं. त्यांना थांबावंसं वाटलं आणि थांबायची सोय नव्हती.

त्यांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला.

"आणखी," बेबी म्हणाली आणि ग्लास पुन्हा भरला.